एका आईसाठी किती संस्था? (युएन विमेन आणि युएनएफपीए एक होणार म्हणे)

चिंचेचा_पाला
मंडळी नमस्कार. खूप महिन्यांनी धागा काढतेय आणि मदत मागायलाच काढतेय.

मी तासगावजवळ एका ज्युनियर कॉलेजला समाजशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात बारावीला महिलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था घेतल्या. फळ्याच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांचा गोल काढला आणि भोवती युएन विमेन, लोकसंख्या निधी म्हणजे युएनएफपीए, युनिसेफ, कामगारांची आयएलओ, आरोग्याची डब्ल्यूएचओ, अन्न आणि शेतीची एफएओ, शेतीला निधी देणारी इफाड, जागतिक बँक असे गोल काढत गेले, शेवटी फळ्याला जागा उरेना. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी तोंड न उघडणारी, उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझी आई बागेत डिपिंगला जाते. हाताला पुरळ उठतं, आणि हजेरी बाप्यांपेक्षा कमी मिळते. यातली तिची कुठली?" (डिपिंग म्हणजे द्राक्षाचे घड हाताने औषधाच्या पाण्यात बुडवायचं काम, आणि हजेरी म्हणजे रोजची मजुरी.)

मी म्हटलं, सगळ्याच तिच्या. ती "बरं" म्हणून खाली बसली. ते "बरं" काही डोक्यातून जात नाहीये.

त्यात परत वाचलं की सरचिटणीस गुटेरेश यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारणांचा जो प्रस्ताव मांडला त्यात युएन विमेन आणि युएनएफपीए या दोन संस्था एकत्र करता येतील का ते तपासावं असं आहे. पैशाची चणचण आहे आणि कामं एकमेकांवर चढतात हे कारण. तर प्रश्न दोन. अशा संस्था एकत्र केल्या की काम सोपं होतं की बायकांच्या वाट्याचं आणखी कमी होतं? आणि त्या मुलीला काय सांगू?

सह्यवेडा
पहिला नंबर. पोरीचा प्रश्न जबरदस्त आहे. वाचतोय.

बापू_पलूस
ताई राग मानू नका, स्पष्ट लिहितो. न्यूयॉर्क आणि जिनिव्हात बसून ठराव करतात त्याचा तासगावच्या बागेशी काय संबंध? सावित्रीबाईंना कुठल्या एजन्सीने निधी दिला होता? १९७५ ला पुण्यात स्त्रीमुक्तीची परिषद झाली ती इथल्याच बायकांनी भरवली. महिला धोरण आपण १९९४ ला आणलं आणि ती बीजिंगची मोठी जागतिक महिला परिषद १९९५ ची, म्हणजे आपण त्यांच्या आधी. आपलं आपण करतो, त्यांनी अहवाल छापावेत. एक काय दहा संस्था एकत्र करा, इथे पान हलणार नाही.

मोगरा_सात
बापू, पुण्याच्या परिषदेबद्दल शंभर टक्के बरोबर, ते श्रेय इथल्या बायकांचंच. पण १९७५ हेच साल का हो? ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं आणि मेक्सिकोत पहिली जागतिक परिषद भरली होती. त्याच्या आधीच देशांनी आपापल्या बायकांची स्थिती तपासावी असं संयुक्त राष्ट्रांनी म्हटलं होतं आणि आपल्या सरकारने १९७१ मध्ये एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७४ च्या डिसेंबरात आला. त्यात निघालं काय, तर स्वातंत्र्यानंतर सगळं सुधारतंय असं आपण धरून चाललो होतो आणि हजार पुरुषांमागे बायका मात्र दर जनगणनेला घटत चालल्या होत्या. ज्यांनी तो अहवाल लिहिला त्यांनाही धक्का बसला होता.

मग सप्टेंबर १९७५ मध्ये समान वेतनाचा वटहुकूम निघाला. आपलं माविम, महिला आर्थिक विकास महामंडळ, त्याची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ ची, तेही महिला वर्षाचंच निमित्त. बी आपलंच होतं पण वाफसा त्या वर्षाने आणला, असं म्हणेन मी.

निळी_छत्री
बापूंना अजून एक. १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत 'ऑल मेन' होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी धरून बसून ते 'सगळी माणसं' अशा अर्थाचं करून घेतलं. मुंबईत आणि बडोद्यात आयुष्य काढलेली बाई. त्यामुळे 'त्यांचे' ठराव आणि 'आपलं' काम असं मला तरी वेगळं काढता येत नाही.

बापू_पलूस
हंसाबेनचं माहीत नव्हतं. मान्य. तरी बागेचा संबंध अजून कोणी सांगितला नाही.

गोदाकाठ
बापू दादा, मी सांगते, पण जरा लांबण लागंल.

मी नऊ वर्षं सहयोगिनी होते, म्हणजे गावोगावच्या बचत गटांना मदत करणारी, नांदेडकडं. तेजस्विनी नावाचा कार्यक्रम होता, २००७ ते २०१८. पैसा रोमच्या इफाडचा, म्हणजे शेती विकासाचा जो आंतरराष्ट्रीय निधी आहे त्याचा, वर राज्य सरकार, राबवायला माविम, खाली लोकसंचालित साधन केंद्र आणि त्याच्या खाली आमचे बचत गट. माझ्याकडं वीसेक गावं. गटाच्या बायकांना इफाड काय ते माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणबी नव्हतं. त्यांना पेटी माहीत होती, ठरावाची वही माहीत होती आणि सोमवारी ताई येणार हे माहीत होतं.

एका गावात 'घर दोघांचे' चालू होतं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, घरांच्या नोंदवहीत, घरावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं. एक मावशी, साठीच्या असतील, अंगठा करणाऱ्या. नाव लागलं म्हणून ग्रामसेवकांनी रजिस्टर दाखवलं. मावशी म्हणाल्या, वाचा. त्यांनी वाचलं. मावशींनी विचारलं, "ह्यांचं नाव कोणत्या रकान्यात आहे?" मालकाच्या. "आन माझं?" ते म्हणाले भोगवटादाराच्या. मावशी म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं भोगलंच की. आता वरच्या रकान्यात टाका." तिथंच बसून राहिल्या उठंनात, शेवटी सरपंचांना बोलवावं लागलं आणि दुरुस्ती झाली. मालकाचा आणि भोगवट्याचा रकाना वेगळा असतो हे मावशींना गटाच्या बैठकीत कळलं होतं. ती बैठक घ्यायला मी तिथं होते कारण माझं मानधन आणि गाडीखर्च त्या कार्यक्रमातून निघत होता. इतका संबंध आहे दादा.

आता दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर खोटं होईल. त्याच गावात आरोग्याची माणसं वेगळा फॉर्म घेऊन यायची, शेतीवाले वेगळा, मुलांच्या पोषणाचे वेगळा, आणि मी माझा. प्रत्येकाच्या वरती कुठली ना कुठली मोठी संस्था. एकदा एक बाई मला म्हणाली, "ताई, माझं वय मागच्या महिन्यात पण विचारलं होतं. तवा लिहून घेतलं न्हाई का?" चार फॉर्म, चारींवर तेच नाव, तेच वय, किती लेकरं, जमीन किती. आणि हिमोग्लोबिन सहा आहे हे ज्या फॉर्मवर होतं तो कर्ज देणाऱ्याने कधी बघितला नाही. ती बाई शेळीसाठी कर्ज काढत होती आणि तिला चार पावलं चालून दम लागत होता.

म्हणून चिंचेचा पाला ताई, मला विचाराल तर वर संस्था एक आहे का दोन आहेत त्याने आम्हाला काही फरक पडत नाही. खाली फॉर्म एक पाहिजे.

सह्यवेडा
"आता वरच्या रकान्यात टाका." साष्टांग नमस्कार त्या मावशींना.

मोगरा_सात
गोदाकाठ ताई, हिमोग्लोबिन आणि शेळी... हे वाचून बराच वेळ काही टाइपच करता आलं नाही.

माजलगावची
गोदाकाठ ताईंच्या फॉर्मवरून आमच्याकडचं लिहिते. ऊसतोड. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा बायकोची जोडी. बाईच्या नावाने मजुरी कागदावर कुठेच नाही. ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पहाटे तीनला उठून भाकरी टाकते, आणि हिशोब नवऱ्याच्या हातात. एक दिवस नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पाळी आली, अंगावरून जायला लागलं, तरी खाडा परवडत नाही. म्हणून पिशवी काढून टाकायची. २०१९ मध्ये सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या.

आता सांगा ही कोणाची? मजुरी म्हटलं तर आयएलओ. पिशवी म्हटलं तर युएनएफपीए नाहीतर डब्ल्यूएचओ. पोरं पाचटात खेळतात, शाळा सुटली, ते युनिसेफ. कोप्यावर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांत, रात्री कोणी त्रास दिला तर युएन विमेन. बाई तर एकच आहे हो. खाडा आणि पिशवी या दोन गोष्टी एकाच्याच कागदावर असत्या तर वीस वर्षं आधी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं की हा रोग दवाखान्यातला नाही, मुकादमाच्या वहीतला आहे.

समान कामाला समान वेतन सगळे म्हणतात पण जिथे वेतनच अर्ध्या कोयत्याचं आहे तिथे समान कशाशी करायचं.

वकीलीण_ऑरेंजसिटी
माजलगावची ताई, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या कामाचं आहे आणि मूळ धाग्यातल्या आईचंही उत्तर तिथेच आहे, म्हणून जरा कायद्याचं लिहिते.

समान मोबदल्याचा आयएलओचा करार म्हणजे कन्व्हेन्शन १००, सन १९५१. भारताने १९५८ ला मान्य केला. कायदा आला १९७६ ला, म्हणजे अठरा वर्षांनी. आता तो जाऊन वेतन संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. पण मेख बघा. करारात शब्द आहेत समान *मूल्याच्या* कामाला समान मोबदला. आपल्या कायद्यात शब्द आले तेच काम किंवा *तशाच स्वरूपाचं* काम. नव्या संहितेतही तेच. बागेत हे कसं लागतं? डिपिंग, विरळणी बायकांकडे. छाटणी, फवारणी पुरुषांकडे. मग बागायतदार म्हणणार काम वेगळं, हजेरी वेगळी, कायदा मोडला कुठे? मूल्याचा शब्द असता तर विचारता आलं असतं की घड न् घड हाताळायला जी नजर आणि जो हात लागतो त्याचं मोल फवारणीपेक्षा कमी कसं. आयएलओची तज्ज्ञ समिती हा फरक भारताला परत परत दाखवत आलेली आहे.

आणि इथे सहकार्य कामाला येतं. कारण तेच 'समान मूल्य' महिलांच्या हक्कांचा १९७९ चा जो करार आहे, सीडॉ, त्याच्या ११ व्या कलमात पण आहे. म्हणजे तुम्ही दोन दारांनी तोच प्रश्न विचारू शकता. २०१७ मध्ये आयएलओ, युएन विमेन आणि ओईसीडी (प्रामुख्याने श्रीमंत देशांची संघटना) यांनी समान वेतनासाठी एक आघाडीच उघडली. हे मला उपयोगी वाटतं, कारण युक्तिवाद करताना एकच वाक्य तीन ठिकाणांहून आलेलं असलं की वजन पडतं.

बापू_पलूस
वकीलताई, असं कोर्टात कधी चाललंय का? की पुस्तकातच?

वकीलीण_ऑरेंजसिटी
चाललंय ना. विशाखा खटला, सुप्रीम कोर्टाचा निकाल. १३ ऑगस्ट १९९७.

ही केस ज्यांच्यामुळे झाली त्या भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन', म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या, होत्या. तो कार्यक्रम १९८४ ला युनिसेफच्या मदतीने सुरू झाला होता. राज्य सरकार, युनिसेफ, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था सगळे एकत्र, कागदावर सहकार्याचा उत्तम नमुना. १९९२ मध्ये भंवरींनी गावातला बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, ते त्यांचं कामच होतं, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टाने १९९५ ला आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. इतके सगळे त्या कार्यक्रमात होते पण साथिनची जबाबदारी मालक म्हणून कोणाची हे ठरलेलं नव्हतं, कारण तिला पगार नव्हता, मानधन होतं. (गोदाकाठ ताई, तुम्ही पण मानधनच लिहिलंय, मला ते टोचलं.)

मग महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता. भारताने सीडॉ १९९३ ला मान्य केला होता. न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. किरपाल यांच्या पीठाने सांगितलं की देशात कायदा नाही आणि या कराराचा आपल्या घटनेशी विरोधही नाही, तर त्याच्या आधारे घटनेतल्या हक्कांचा अर्थ लावता येतो. त्यावर मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०१३ चा कायदा त्यातूनच आला. आज तुमच्या ऑफिसात भिंतीवर तक्रार समितीचा जो बोर्ड आहे तो असा आला. म्हणून मी संस्थांवर नुसती चिडत नाही आणि नुसती भाळतही नाही. करार उपयोगी पडला. एकत्र चाललेला कार्यक्रम ऐन वेळी पुरा पडला नाही.

गोदाकाठ
हो ताई, मानधनच. आम्हाला पीएफ नव्हता. गावोगाव बायकांना हक्काचं सांगत फिरायचो आणि आमच्या हक्काचं विचारलं की, तुम्ही कर्मचारी नाही. यावर स्वतंत्र धागा काढा कोणीतरी.

ढाक्याचा_मराठी
मी बारा वर्षं ढाक्याजवळ गारमेंटमध्ये क्वालिटीला आहे, मूळ इचलकरंजी. इथे बेटर वर्क म्हणून कार्यक्रम आहे, आयएलओ आणि जागतिक बँक गटातली आयएफसी दोघांचा मिळून. त्यात गिअर नावाचा भाग आहे, शिलाई ऑपरेटर बायकांना सुपरवायझर करायचं शिक्षण. कारण लाइनीवर सगळ्या बायका आणि सुपरवायझर जवळजवळ सगळे पुरुष असा इथला प्रकार.

आमच्या फ्लोअरवरची एक ऑपरेटर त्यात निवडली गेली. पहिला आठवडा तिचं कोणी ऐकेना. एक पोरगा म्हणाला ही कॉलर अशीच बसते, कापडच तसं आहे. ती काही बोलली नाही, त्याला उठवलं, स्वतः मशीनवर बसली, दोऱ्याचा ताण थोडा सैल केला, कॉलर शिवली आणि त्याच्या हातात दिली. परत दुसरी शिवली. तिसऱ्या कॉलरला तो म्हणाला आपा, मला दाखव.

आता मुद्दा. आयएलओचे लोक आले की कायदा, तास, सुट्टी, हक्क बोलतात. आयएफसीचे लोक मालकाशी बोलतात तेव्हा अल्टर (म्हणजे दुरुस्तीला परत येणारे कपडे) किती निघतात, गैरहजेरी किती, लाइनीचा माल तासाला किती. मालकाला हक्क सांगा, तो चहा पाजतो. अल्टर कमी होतील सांगा, तो वही काढतो. दोघं बरोबर आले म्हणून त्या बाईला ती खुर्ची मिळाली. पण दोघांची मिळून एकच संस्था केली असती तर? मला वाटतं आठवड्यात वहीवालेच उरले असते. एकत्र काम करणं वेगळं आणि एक होणं वेगळं.

आक्काची_चूल
अगदी! मी घरातलं उदाहरण देते. आम्ही दोघी जावा, सासूबाई गेल्यावर सगळे म्हणाले चूल एक करा, गॅस वाचेल. गॅस वाचला. पण माझ्या धाकट्या जावेच्या लेकीला दूध लागायचं ते 'घरात एवढ्यांचं होतं' यात कमी कमी होत गेलं, कोणाच्या मनात वाईट नव्हतं तरी. मग आम्ही ठरवलं, चूल एक पण दुधाचं पातेलं तिचं वेगळं, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. आता छान चाललंय.

सह्यवेडा
आक्का, गुटेरेशना मेल करा हे 😄

जिनिव्हाकर
आक्कांनी जे पातेलं म्हटलं तोच न्यूयॉर्कला चाललेला वाद आहे. मी इथे दस्तऐवजांच्या कामात आहे, सीडॉ समितीची सत्रं इथे होतात तेव्हा बऱ्याचदा बसते.

एकत्रीकरण मुळातच वाईट असं नाही. युएन विमेन ही स्वतःच चार कार्यालयं जोडून झालेली आहे. २ जुलै २०१० चा आमसभेचा ठराव, जानेवारी २०११ पासून काम सुरू. आणि ती मागणी जगभरच्या महिला संघटनांनीच लावून धरली होती, कारण चार छोट्या कार्यालयांना कोणी मोजत नव्हतं. एक झाल्यावर मिशेल बाशेलेंसारखी एका देशाची राष्ट्राध्यक्ष राहिलेली बाई प्रमुख झाली आणि मोठ्या टेबलावर खुर्ची मिळाली. फायदा झालाच. पण वर्षाला निदान ५० कोटी डॉलर लागतील असं तेव्हा धरलं होतं आणि पहिली बरीच वर्षं त्याच्या आसपासही पैसे आले नाहीत. मोठं नाव, छोटं पातेलं.

आत्ताचा प्रस्ताव वेगळा आहे कारण दोघींचं काम वेगळं. युएनएफपीए १९६९ ची, ती बाळंतपणाचं सामान, गर्भनिरोधकं, सुईणींचं शिक्षण असल्या प्रत्यक्ष सेवा पोचवते, युद्धात आणि भूकंपात पण. युएन विमेनचं बरंचसं काम कायदे, धोरणं आणि बाकीच्या संस्थांना धाग्यात ओवणं. आणि गर्भनिरोधन आलं की राजकारण आलं. अमेरिकेने युएनएफपीएचे पैसे रीगनच्या काळात थांबवले, धाकट्या बुशच्या काळात थांबवले, २०१७ ला आणि परत २०२५ ला. दोन्ही संस्था एक केल्या तर एकीच्या नळावर टाच आली की दुसरीचंही पाणी बंद. माझ्या मते ही खरी भीती आहे आणि बचतीच्या तक्त्यात ती दिसत नाही.

एकत्र येण्याची चांगली उदाहरणं पण आहेत. युएनएफपीए आणि युनिसेफ २००८ पासून मुलींच्या खतनाविरुद्ध एकत्र कार्यक्रम चालवतात, बालविवाहावर २०१६ पासून, त्यात भारत आहे. ग्रामीण बायकांसाठी एफएओ, इफाड, अन्न पुरवणारी डब्ल्यूएफपी आणि युएन विमेन अशा चौघींचा एक कार्यक्रम नेपाळपासून रवांडापर्यंत सात देशांत होता. बी, कर्ज, अन्न आणि पंचायतीत बोलायचं बळ, असं चौघींनी वाटून घेतलेलं. गोदाकाठ ताईंचा एक फॉर्म म्हणतात तो विचार तिथे होता.

निळी_छत्री
अवांतर: घरकामगारांचं कोणी लिहिलं नाही. पुण्यात मोलकरणींची संघटना १९८० पासून आहे, आपल्या राज्यात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा, आणि आयएलओचा घरकामगारांचा करार २०११ चा. बापू, परत आपण आधी! पण तो करार भारताने अजून मान्य केलेला नाही. बाजूने मत दिलं आणि पुढे काही नाही.

बापू_पलूस
वाचतोय सगळं. बाजूने मत देऊन पुढे काही न करणं हे बरोबर नाही.

कोकणी_काजू
मूळ प्रश्नातल्या आईबद्दल एक. माझा भाऊ द्राक्ष एक्स्पोर्टच्या पॅकहाउसला आहे. युरोपला माल जायचा तर आधी नमुना लॅबला जातो, कुठल्या औषधाचा अंश किती राहिला ते तपासतात, अपेडा या सरकारी निर्यात संस्थेची ग्रेपनेट म्हणून पूर्ण व्यवस्था आहे, प्लॉट न् प्लॉट नोंदलेला. अंश किती चालेल यावर एफएओ आणि डब्ल्यूएचओचे तज्ज्ञ १९६३ पासून एकत्र बसतात. म्हणजे आंतरराष्ट्रीय सहकार्य आहे बरं का बागेत. मण्याच्या सालीवर काय राहिलं ते सगळ्यांना माहीत असतं. तोच घड ज्या हातांनी बुडवला त्या हातांवर काय राहिलं त्याचा नमुना कुठल्याच लॅबला जात नाही.

मोगरा_सात
काजू, हे त्या मुलीला सांगायलाच पाहिजे.

चिंचेचा_पाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत तोच तास घेतला. या वेळी मध्ये संयुक्त राष्ट्रांचा गोल नाही काढला, मध्ये 'आई' लिहिलं आणि मुलांना म्हटलं आता तुम्ही जोडा. हात आणि पुरळ याला डब्ल्यूएचओ जोडली, हजेरीला आयएलओ आणि सीडॉ, गटाला इफाड आणि माविम. काजूंचा लॅबचा मुद्दा सांगितला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला, यातल्या निम्म्यांच्या घरी बाग आहे. मग ती मुलगी उठली, खडू घेतला, आईच्या अगदी जवळ एक गोल काढला आणि त्यात लिहिलं 'बागायतदार'. म्हणाली, "मॅडम, हा कुठेच नव्हता."

विलीनीकरणाबद्दल माझं मत आता आक्का आणि जिनिव्हाकर यांच्या बाजूला झुकलंय. चूल एक करा, पातेलं लिहून वेगळं ठेवा, आणि खाली फॉर्म एक. गोदाकाठ ताई, तुम्ही आमच्या वर्गाशी मंगळवारी दुपारी अडीचला व्हिडिओवर बोलाल का?

गोदाकाठ
अडीचला जमंल. चारला गटाची बैठक आहे. मावशींना पण बसवते संगं, त्यांना बोलायला लई आवडतं.

बापू_पलूस
ताई, माझी दोन एकर बाग आहे. हे आधी लिहायला हवं होतं. डिपिंगला दहा-बारा बायका असतात. हजेरी कमीच देतो, सगळे देतात तीच. हातमोजे मी मागच्या साली आणले होते, एकीनेही घातले नाहीत, मला वाटलं यांना नको आहेत. काल हे वाचून एकीला विचारलं. ती म्हणाली बापू, ते तुमच्या हाताचे आहेत, आमच्या हातात फिरतात, घड निसटतो आणि मणी झडले की तुम्हीच ओरडता. बरोबर आहे तिचं. बायकांच्या मापाचे कुठे मिळतात कोणाला माहीत आहे का?

कोकणी_काजू
बापू, मिरजेला दवाखान्याच्या सामानाची दुकानं आहेत तिथे नायट्राइलचे मागा, स्मॉल साइज. खोक्यात शंभर येतात. पातळ असतात, मणी हाताला कळतो. फाटले की बदलायचे, दिवसाला एकीला दोन-तीन जोड धरा.

वकीलीण_ऑरेंजसिटी
बापू, हातमोजे झाले. हजेरीचं?

बापू_पलूस
विसरलो नाही वकीलताई. रविवारी आमच्या भागातले बागायतदार बसणार आहेत छाटणीचे दर ठरवायला. तिथे काढतो विषय. डिपिंगची हजेरी फवारणीइतकी का नाही, हा तुमचाच प्रश्न विचारतो. काय होतंय ते सोमवारी इथे लिहितो.